राऊटरपाशी कोणीतरी हवं

माझा नवरा जिने काढतो. म्हणजे मोठ्या इमारतींमधल्या जिन्यांची चित्रं काढतो. पायऱ्या किती, वळण कुठे, आत लोखंड किती घालायचं. ज्या कॉम्प्युटरवर काढतो तो आमच्या पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलाखाली असतो. नवरा मात्र नसतो. कंपनीने त्याला लांबच्या एका साइटवर पाठवलं, "काही महिन्यांसाठी" असं सांगून, आणि त्या काही महिन्यांनी बघता बघता वर्ष गिळलं. जाताना तो कपडे घेऊन गेला, दाढीचं सामान घेऊन गेला, स्वतःची उशीसुद्धा घेऊन गेला. कॉम्प्युटर ठेवून गेला.

"तोही ने की," मी म्हटलं होतं.

"वेडी आहेस का? तिकडे एका खोलीत आम्ही चौघं. खिडकी उघडली की सिमेंट आत. त्या सॉफ्टवेअरची पेनड्राइव्हसारखी चावी मागे खोचलेली असते, ती कोणी हरवली तर कंपनी मला विकून नवी घेईल. इथेच बरा आहे तो. मी तिकडून लॅपटॉपवरून आत येत जाईन."

'आत येत जाईन' हे शब्द मला तेव्हा फार गोड वाटले. लग्न नवं होतं, दुसरं काय.

आत येण्याची सोय आम्ही फोनवर केली. तो तिकडून सांगायचा, मी इथे दाबायची. घरातले फोन, टीव्ही, कॉम्प्युटर सगळे राऊटरमार्फत बाहेर जातात, पण बाहेरचा कोणी आपणहून आत यायला लागला तर राऊटर दार लावून घेतो. त्याला सांगून ठेवावं लागतं की बाबा रे, अमुक क्रमांकाच्या दारावर कोणी आलं तर त्याला आत सोड आणि थेट या कॉम्प्युटरपाशी नेऊन पोचव. मी राऊटरचं पान उघडलं, दाराचा क्रमांक घातला, कॉम्प्युटरचा आतला पत्ता घातला, 'सेव्ह' दाबलं. तिकडून तो म्हणाला, "थांब हं," आणि माझ्यासमोरचं सगळं गेलं. स्क्रीनवर कुलूप आलं आणि कुलपाखाली त्याचं नाव. तो आत आला की समोर बसलेल्याला बाहेर व्हावं लागतं. त्या कॉम्प्युटरवर एका वेळी एकच माणूस मावतो.

"अरे, मला हाकललंस!" मी ओरडले.

"आलो, आलो!" तो तिकडे लहान मुलासारखा ओरडत होता.

सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "आला? कुठे आलाय?"

"आत," मी म्हणाले. त्या बिचाऱ्या दाराकडे बघत राहिल्या.

पुढे त्यांना ते छान समजलं, माझ्यापेक्षाही जास्त. टेबलाखालच्या डब्यातला पंखा जोरात फिरायला लागला की त्या म्हणायच्या, "बसला बघ कामाला." मग टीव्हीचा आवाज कमी व्हायचा. त्या खुर्चीवर कोणी बसायचं नाही. मी एकदा कपड्यांच्या घड्या करायला बसले तर म्हणाल्या, "अगं, तो काम करतोय ना!" मी उठले. रिकाम्या खुर्चीला जागा करून दिली.

हे सगळं कौतुकाने सांगता आलं असतं, जर वीज गेली नसती. पण आमच्याकडे वीज जाते, आणि ती गेली की दोन भानगडी होतात. एक म्हणजे इंटरनेट कंपनीने घराला दिलेला बाहेरचा पत्ता बदलतो. मग नवऱ्याचा फोन: "पत्ता सांग." मी हाताचं पीठ पुसत लांबलचक आकडे वाचून दाखवायची. दुसरी भानगड घरातली. राऊटर घरातल्या यंत्रांनाही आतले आकडे वाटतो, आणि वीज परत आल्यावर जो आधी उठेल त्याला आधी देतो. सासऱ्यांचा टीव्ही वीज आली की आपणहून उठून बसतो. कॉम्प्युटर कुंभकर्ण, त्याला बटण दाबून उठवावं लागतं. तोवर त्याचा आकडा टीव्हीने पटकावलेला असायचा, आणि राऊटर सांगितल्याबरहुकूम नवऱ्याला टीव्हीच्या दारात नेऊन सोडायचा. तिकडे तो दातओठ खातोय, इकडे सासरे शांतपणे बातम्या बघतायत.

"मी कशाला हात नाही लावला," सासरे म्हणायचे.

"तुम्ही नाही बाबा, तुमच्या टीव्हीने लावला."

त्यात सासूबाईंना एक सवय. घराबाहेर पडताना भिंतीवरची सगळी बटणं बंद करायची, घर जळायला नको म्हणून. त्यात राऊटरचंही बटण आलंच. म्हणजे घरात तीन माणसं, आणि त्यातली ज्याला राऊटरची नाडी कळते अशी एक. मी.

हळूहळू माझी हद्द ठरत गेली. भाजी आणायला गेले तरी फोन वाजायचा. लिफ्टमध्ये असताना लागला नाही, तर घरी आल्यावर सासू-सासरे माझ्याकडे असे बघायचे, जणू मी गॅस चालू ठेवून गेले होते. बहिणीला मुलगी झाली तेव्हा चार दिवस राहीन म्हणून पिशवी भरून गेले आणि दुसऱ्याच दिवशी तीच पिशवी घेऊन परत आले. बहीण म्हणाली, "तुझ्याशिवाय तिकडे कोणाला बटण दाबता येत नाही का?" मी हसले. नंतर बसमध्ये मला त्या हसण्याचाच राग आला. कोणी मला कोंडलं नव्हतं. दार उघडं होतं, चप्पल दारात होती, आणि तरी मला उंबऱ्याबाहेर पडताना परवानगी मागितल्यासारखं "आलेच हं" म्हणावं लागत होतं.

लग्नाआधी मी कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून माणसाच्या जबड्याचे साचे यायचे, त्यावर मेणाची हिरडी उभारायची आणि त्यात एकेक दात बसवायचा. पुढचे जरा तिरके, जरा मागेपुढे, म्हणजे खरे वाटतात. एका ओळीत उभे केलेले दात फार खोटे दिसतात. ते काम मला येत होतं, आणि मला ते आवडत होतं. मुख्य म्हणजे ते संपायचं. माणूस कवळी तोंडात घालून हसत घरी जायचा आणि विषय मिटायचा. घरात मी दिवसभर जे करायची ते दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचं असायचंच.

तर त्या लॅबवाल्या बाईंचा फोन आला. "माझ्याकडची मुलगी सोडून गेली," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात पहिल्या सोमवारी येतेस का? पुढचे दात तुझ्यासारखे कोणी लावत नाही. पण मी तुझ्यासाठी सोमवारपर्यंतच थांबेन हं. नंतर दुसरी बघेन. राग नाही, पण म्हातारी माणसं दातांवाचून किती दिवस बसणार?"

फोन ठेवला. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की मला स्वतःचीच भीती वाटली.

घरात सांगितलं. कोणी नाही म्हणालं नाही. नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. सासरे म्हणाले, "चांगलं आहे की." सासूबाई म्हणाल्या, "हो हो, शिकलेलं फुकट का घालवायचं." नवरा म्हणाला, "जा ना, मी कधी अडवलंय? फक्त राऊटरपाशी कोणीतरी हवं, तेवढं बघ."

तेवढं बघ. मी म्हटलं, बघतेच. राऊटरपाशी कोणीतरी हवं ना? मग मी असं करते की कोणी लागणारच नाही.

हात धुऊन त्या यंत्राच्या मागे लागले. दुपारी नवरा जेवायला उठला की स्क्रीन मोकळी व्हायची, तेवढ्यात मी खुर्ची पकडायची. आधी राऊटरला बजावलं की हा आकडा कॉम्प्युटरचाच, टीव्ही कितीही लवकर उठू दे, त्याला द्यायचा नाही. मग घराच्या बदलत्या पत्त्यासाठी एक कायमचं नाव घेतलं. पत्ता बदलला की राऊटर स्वतःच त्या नावाला नवा पत्ता कळवतो, मला आकडे वाचायला नकोत. कॉम्प्युटर चालू होताना एक कळ दाबून त्याच्या पोटातल्या पानावर गेले आणि तिथे सांगून ठेवलं की वीज आली की उठायचं, बटणाची वाट बघायची नाही. राऊटरला एक लहान बॅटरी जोडली आणि त्याची वायर कपाटामागून नेली. आता सासूबाईंनी सगळी बटणं बंद केली तरी तो जागा.

आणि नेमकं तेव्हा भलतंच सुरू झालं. नवऱ्याला आत जाता येईना. "खातं तात्पुरतं बंद आहे" असं स्क्रीनवर यायचं, थोड्या वेळाने आपोआप उघडायचं, पुन्हा बंद.

"तू काहीतरी चुकीचं दाबलंस," नवरा म्हणाला.

"मी दाबलं नाही."

"मग काय भूत दाबतंय? चाललं होतं ते नीट चालू द्यायचं ना."

भूत नव्हतं, पण भुतांचा बाप होता. सुरुवातीला आम्ही बाहेरच्या जगासाठी जे दार उघडलं होतं, ते फक्त नवऱ्यासाठी उघडलं आहे असं आम्हाला वाटत होतं. जगाला तसं कोणी सांगितलं नव्हतं. कुठले कुठले लोक, म्हणजे त्यांची यंत्रं, ते दार सापडल्यापासून दिवसरात्र त्यावर वाटेल ते पासवर्ड मारून बघत होती, आणि चुकीचे पासवर्ड फार झाले की कॉम्प्युटर घाबरून खातंच बंद करत होता. कॉम्प्युटरच्या नोंदींमध्ये ते सगळं ओळीने लिहिलेलं सापडलं. मी कधी घराबाहेर पडू शकत नव्हते, आणि अख्खं जग आमच्या पुढच्या खोलीत यायला बघत होतं.

ते दार मी बंद केलं. त्याऐवजी राऊटरमध्येच एक बोगदा तयार करायची सोय असते, व्हीपीएन म्हणतात, ती चालू केली. आधी बोगद्याची किल्ली दाखवून घरात यायचं आणि मग कॉम्प्युटरपाशी जायचं. बाहेरून बघणाऱ्याला दारच दिसत नाही. किल्ली नवऱ्याच्या लॅपटॉपवर पाठवली, कशी लावायची ते सांगितलं. त्याने लावली आणि आत आला. "फास्ट झालंय गं," म्हणाला. 'तू दाबलंस' बद्दल काही बोलला नाही. मीही मूग गिळले, कारण मला जिंकायचं नव्हतं, जायचं होतं.

मग परीक्षा घेतली. एक दिवस दुपारी तो आत काम करत असताना मी घराचा मुख्य स्विच पाडला, थोडं थांबले, परत चालू केला आणि कोणाला काही न सांगता बाहेर पडले. बागेतल्या बाकावर जाऊन बसले. फोन मांडीवर. तो वाजला नाही. बंद तर पडला नाही ना म्हणून उघडून बघितलं, चालू होता. पुढे एक बाई कुत्र्याला फिरवत होती, दोन म्हातारे पेपर वाटून वाचत होते, आणि मला कोणाचंच काही करायचं नव्हतं. मला रडू आलं. आनंदाचंच होतं, पण चेहऱ्यावरून कोणाला कळलं नसतं.

रात्रीच्या जेवणाच्या वेळी नवरा फोनवर असतो. फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवतो, म्हणजे तो आम्हाला जेवताना बघतो आणि आम्ही त्याला.

"आज दुपारी काही अडलं का रे?" मी विचारलं.

"नाही. मध्ये जरा एकदा तुटलं, मी चहा घेऊन आलो तर परत चालू."

"वीज गेली होती. मी घरात नव्हते. सगळं आपोआप उठलं." मला वाटलं होतं टाळ्या पडतील. निदान एखादी.

 सासऱ्यांनी विचारलं, "म्हणजे आता त्याला हातच लावावा लागणार नाही?"

"नाही."

"मग तू दिवसभर बाहेर," सासूबाई म्हणाल्या. प्रश्न नव्हता तो.

"ते ठीक आहे गं," नवरा म्हणाला, "पण मध्येच काही झालं तर?"

"काय होईल?"

"काहीही होऊ शकतं."

"म्हणजे काय? सांग, मी त्याचीही सोय करते."

"तसं नाही गं. तू घरी आहेस हे माहीत असलं की मला इथे बरं वाटतं. बाकी काही नाही."

 तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की इतके दिवस मी चुकीच्या यंत्राची दुरुस्ती करत होते. तरी मी मनाला समजावलं, बोलतात माणसं, सवय नसते, होईल. सोमवारी गेले.

लॅब तशीच होती. तेच लांबलचक टेबल, प्लास्टरने पांढरे झालेले नळ, मेण वितळवायचा दिवा. बाईंनी मला वरच्या-खालच्या जबड्याचा साचा दिला. "शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या या. आता निवृत्त. संध्याकाळी पाचला येतायत, मेणातले दात तोंडात घालून बघायला. हसताना लाजतात म्हणे. बघ काय करता येतंय." मी ॲप्रन बांधला. बोटं जरा जड झाली होती, पण विसरली नव्हती. खालचा जबडा लावून झाला आणि वरचे पुढचे दोन दात मेणात टेकवले, तेवढ्यात फोन वाजला.

"पडलं बंद," नवरा म्हणाला. "पूर्ण. बोगद्यातच शिरता येत नाही."

"वीज गेली का?"

"आई म्हणते नाही. अगं, आज संध्याकाळी जिना पाठवायचाय. ये ना जरा. तुला काय, दोन मिनिटांचं काम."

 लॅबवाल्या बाई चष्म्यावरून बघत होत्या. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "जा. पण पाचच्या आत ये. आणि हे रोजचं असेल तर आजच सांग, म्हणजे मी कोणाला तरी बोलावते." बोलल्या शांतपणेच. म्हणून जास्त लागलं.

बसमध्ये मी स्वतःला शिव्या घालत होते. काहीतरी राहिलंच असणार. मोठी आली शहाणी, चार पानं वाचून इंजिनियर झाली. लोकांचं काम अडवलं, पहिल्या दिवशी नोकरीवरून उठून आले, इकडची नाही आणि तिकडचीही नाही. सगळ्यांचं बरोबर होतं असंसुद्धा वाटून गेलं.

घरी टीव्ही चालू होता. राऊटरचे दिवे नीट. कॉम्प्युटर जागा. नवरा आत नव्हता म्हणून खुर्ची मोकळी होती. बसले, राऊटरचं पान उघडलं. कॉम्प्युटरचा आकडा जागेवर. घराचं नाव जागेवर. बॅटरी भरलेली. मग बोगद्याच्या पानावर गेले.

बंद.

बिघडला नव्हता, बंद होता. ते आपोआप होत नाही. बंद करायचं बटण दाबावं लागतं, मग 'सेव्ह', मग तो विचारतो की नक्की का, मग 'हो' म्हणावं लागतं. सासऱ्यांना टीव्हीचा रिमोट धड येत नाही. सासूबाई त्या टेबलाला फडकंसुद्धा लांबून मारतात.

सासूबाई पाणी घेऊन आल्या. "आलीस? बरं झालं बाई. तो म्हणालाच होता."

"काय म्हणाला होता?"

"हेच की, आज ते बंद पडेल, तू घाबरू नकोस, ती येईल लगेच. एकदा असं झालं की तिलाही पटेल म्हणाला, मग राहील घरी." त्यांनी ग्लास माझ्यापुढे धरला. "सकाळीच आला होता फोन. तू नुकतीच बाहेर पडली होतीस."

त्यांच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. मुलगा म्हणाला तसं झालं याचं कौतुकच होतं थोडं. मी ग्लास घेतला आणि सगळं पाणी प्यायले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

फोन वाजला. "झालं का?"

"तू बंद केलास."

"मी? मी इतक्या लांबून कसा..."

"लांबून कुठे? तू तर आत होतास. याच कॉम्प्युटरवरून राऊटरचं पान उघडलंस."

तिकडे कोणीतरी बादली सरकवली, कोणीतरी हसलं. चौघांची खोली. तो बाहेर गेला असावा, आवाज मोकळा झाला. "आईने सांगितलं?"

"हो."

"मला तुला त्रास द्यायचा नव्हता गं. चालू करायला तूच लागणार होतीस. मला वाटलं, तुझ्या लक्षात येईल."

"काय लक्षात येईल?"

"की घराला तू लागतेस."  मग म्हणाला, "सगळं आपोआप चालायला लागलं तर मी फोन कशासाठी करू? दिवसात चार वेळा तुझा आवाज ऐकू यायचा तो त्या वीज जाण्यामुळेच. तू सगळं आपोआप केलंस तेव्हापासून दिवसा एकदाही आला नाही. रात्री जेवताना सगळ्यांसमोर बोलतो ते वेगळं. मला इथे भीती वाटते."

मला त्याची दया आली. खोटं कशाला बोलू? माझा हात माउसवर गेलासुद्धा. तीन वेळा दाबायचं होतं फक्त. चालू, सेव्ह, हो. तो आत आला असता, सासूबाईंनी खुर्ची मोकळी करायला सांगितली असती, मी आत जाऊन भाजी चिरायला घेतली असती, आणि सगळ्यांना बरं वाटलं असतं. मलाही. हेच तर वाईट होतं. मला दिसत होतं की मी आत्ता दाबलं तर उद्याही दाबीन, आणि प्रत्येक वेळी त्याची भीती खरीच असेल.

"आवाज हवा होता तर नुसता फोन करायचास," मी म्हणाले.

"आणि काय बोलायचं?"

"ते मला माहीत नाही. पण मला घरात डांबून ते सुचलं असतं असं वाटतं तुला?"

 मग म्हणाला, "बरं, आपण बोलू यावर. आधी ते चालू कर ना."

माझा हात माउसवरून निघाला. "संध्याकाळी करते. आल्यावर."

"संध्याकाळी? अगं, आणि माझा जिना?"

"तुझं काम तू बंद पाडलंस. माझं चालू आहे."

फोन ठेवून मी उठले. सासूबाई दारात उभ्या होत्या. अडवायला नाही, पण दार अरुंद आहे. "आत्ता तर आलीस. तो काय म्हणाला? झालं ना त्याचं?"

"नाही झालं. संध्याकाळी होईल."

"असं कसं गं? तो खोळंबलाय तिकडे."

"हो. तिकडे तो खोळंबलाय आणि इकडे मी." असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांचे डोळे मोठे झाले. सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. आता हे काय बोलतात म्हणून मी थांबले.

"किती वाजता येशील?" त्यांनी विचारलं.

"साडेसहापर्यंत."

"बरं," ते म्हणाले, आणि आवाज परत लावला.

मी बाजूने निघून गेले. रस्त्यावर आल्यावर सुटल्यासारखं वाटेल अशी माझी समजूत होती. तसं काही झालं नाही.  संध्याकाळी मला त्याच दारातून आत जायचं होतं, त्याच ताटावर बसायचं होतं, जगला टेकवलेल्या त्याच फोनकडे बघायचं होतं, आणि तिथे माझ्या बाजूचं कोणी असेल याची खात्री नव्हती. बसमध्ये मी दोनदा उतरायचा विचार केला. उतरले नाही, एवढंच.

लॅबमध्ये बाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि काही न बोलता दिवा माझ्याकडे सरकवला. मी ॲप्रन बांधत होते तेवढ्यात मेसेज आला. नवऱ्याचा. 'आई रडतेय.'

मी ते दोन शब्द परत परत वाचले. सासूबाई खरंच रडत असणार. त्यांचं रडणं मला माहीत आहे, पदर तोंडाला लावून, आवाज न करता.  माझी पावलं दाराकडे वळलीच होती, इतकी ती सवय अंगात मुरलेली. मग मी तिथेच उभं राहून लिहिलं: 'मग तिला फोन लाव आणि बोल तिच्याशी. साध्या फोनला राऊटर लागत नाही.'

फोन खणात टाकला. मेण पुन्हा घट्ट झालं होतं, ते दिव्यावर धरून मऊ केलं. वरचे पुढचे दोन दात काढून मी पुन्हा लावायला घेतले, डावा जरा आत, उजवा त्याच्यावर थोडासा चढलेला. मुख्याध्यापिका पाचला येणार होत्या.